समुद्रपूर या शब्दात अक्षरं किती?

एक सोप्पा प्रश्न. 'समुद्रपूर' या शब्दात अक्षरं किती?

आमच्या इथल्या शाळेतलं दुसरीतलं पोरगंही बोटांवर मोजून सांगेल - स, मु, द्र, पू, र. पाच. 'द्र'साठी कुणी दोन बोटं मोडली तर बाई तिथल्या तिथे थांबवतात, कारण जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर.

आता हाच प्रश्न मी ज्या प्रोग्राममधून घरच्यांशी गप्पा मारतो त्याला विचारा. तो म्हणतो नऊ. जरा दुसऱ्या बाजूनं विचारलं तर सत्तावीस. आणखी एका कोपऱ्यात विचारलं तर सहा. एकाच प्रोग्रामची एकाच शब्दाबद्दल तीन उत्तरं, आणि त्यातलं एकही पाच नाही! गेले तीन आठवडे रात्री जेवणं झाली की मी या आकड्यांच्या मागे लागलोय. बग सापडला. पण सापडल्यावर जी उत्तरं ऐकावी लागली, त्यांनी डोकं जास्त फिरलं. म्हणून हे लिहितोय. थोडं तांत्रिक आहे, पण काका, काकू, आत्या, तुम्हीही वाचा. तुमचाच विषय आहे.

नवख्यांसाठी आधी थोडक्यात. आमच्या घरचा एक चॅनल आहे, आयआरसीवर. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं, खाली लिहायला एक ओळ. चित्रं नाहीत, व्हिडिओ नाहीत, 'शुभ सकाळ'ची गुलाबाची फुलं तर नाहीतच. भाच्यानं एका लहानशा सर्व्हरवर मांडून दिलाय. पावसाळ्यात इथे लाईन गेली, मोबाईलवर रेंजची जेमतेम एक काडी उरली, तरी हा प्रकार चालतो, कारण त्याला लागतंच किती! शिवाय सगळं बोलणं साध्या मजकुराच्या फायलीत माझ्याच कॉम्प्युटरवर साठतं. शेताच्या फेरफाराबद्दल चार वर्षांपूर्वी कोण काय म्हणालं होतं, हे मी अर्ध्या मिनिटात काढून दाखवू शकतो. (घरात मी फारसा लोकप्रिय नाही तो यामुळेच :) ) तेव्हा "व्हॉट्सॲप असताना हे कशाला?" हा प्रश्न इथेच निकालात निघाला असं समजावं.

तर झालं असं. कापसाच्या हंगामात पुण्याच्या मावसभावानं काकांसाठी एक लांबलचक निरोप लिहिला. हिंगणघाटला काय भाव, नागपूरला काय भाव, ओलावा किती धरतात, सीसीआयच्या खरेदीची काय बातमी, सगळं. शेवटचं वाक्य होतं, "तोवर व्यापाऱ्याला कापूस द्यायचा नाही." इकडे पडद्यावर उमटलं, "तोवर व्यापाऱ्याला कापूस द्यायचा" आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह असलेला एक काळा ठिपका. काकांना वाटलं, हल्लीची पोरं लावतात तसलं काहीतरी चिन्ह असेल. गाडी निम्मी भरून झाल्यावर काकूंनी पुण्याला फोन लावला, "नक्की द्यायचाच ना रे?" म्हणून निभावलं.

इथे जरा थांबा, कारण खरी मेख इथेच आहे. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. वाक्याची शेपूट तुटली तरी 'करू नका' हे आधीच कळलेलं असतं. मराठीत नाही, नको, नये, नव्हे ही सगळी मंडळी शेवटच्या डब्यात बसतात. शेवटचा डबा सुटला तर गाडी उशिरा पोचत नाही, उलट्या दिशेला पोचते. शेपूट कापणारा बग इंग्रजीत गैरसोय असेल. मराठीत तो निरोप फिरवतो.

पहिला संशय अर्थातच नेटवर्कवर. तेवढ्याच लांबीचा निरोप रोमन लिपीत पाठवून पाहिला. अख्खा पोचला. देवनागरीत पाठवला, तुटला. पुन्हा पाठवला, त्याच जागी तुटला. नेटवर्क इतकं शिस्तीचं नसतं. मग आलेला मजकूर बाइट-बाइट उलगडून पाहिला, तर शेवटच्या 'न'चे तीनपैकी दोनच बाइट आले होते. अक्षराच्या मधोमध सुरी फिरली होती.

सुरी कुणाची? आयआरसी हा प्रकार यार्क्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात लिहिला. १९९३ मध्ये त्याचे नियम कागदावर आले. त्यात एका निरोपाची कमाल लांबी ठरली ५१२ बाइट, त्यातही पाठवणाऱ्याचं नाव, चॅनलचं नाव वगैरे सामान धरून. खऱ्या मजकुराला सव्वाचारशेच्या आसपास उरतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, म्हणून मधे जागा सोडत समुद्रपूर हे नाव रोमनमध्ये अडतीस वेळा लिहिता येतं. देवनागरीत पंधरा वेळा. नऊ चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, झाले सत्तावीस.

तीन का, तर यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये बसवली, तेव्हा युनिकोडच्या पहिल्या १२८ घरांना एक बाइट, २०४८ घरांपर्यंत दोन आणि त्यापुढे तीन असा हिशेब ठरला. ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी सगळे दोनात बसले. देवनागरीचं पहिलं घर आहे २३०४ वं. अवघ्या २५६ घरांनी गाडी चुकली! यात कुणाचा कट वगैरे नाही, रांगेत आपण मागे उभे होतो इतकंच. ज्यांनी मोबाईलवर मराठी एसएमएस पाठवलेत त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. इंग्रजीत १६० अक्षरं, मराठीत ७०.

तीन बाइट लागतात म्हणून माझी तक्रार नाही. जागा कमी असेल तर निरोपाचे दोन तुकडे करा, तीन करा. पण तुकडा अक्षर संपल्यावर पाडा ना! आणि उरलेला तुकडा फेकून देऊ नका. माझा प्रोग्राम तुकडे पाडत होता, पण पाडायचे कधी हे ठरवताना मोजत होता चिन्हं, आणि मर्यादा होती बाइटांची. त्याच्या मते निरोप मापात होता. पुढच्या सर्व्हरनं मापाबाहेरचा भाग गुपचूप टाकून दिला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

हे शोधताना दुसरं भूत दिसलं. लिहिण्याच्या ओळीत मराठी लिहिलं की कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. खोडायला गेलं की अर्धवट वेलांट्या पडद्यावर तशाच राहतात. उजवीकडच्या नावांच्या यादीची उभी रेघ दारूच्या नशेत असल्यासारखी वाकडीतिकडी. मी 'समुद्रपूर' सलग दहा वेळा लिहून पुढे एक रेघ मारली. प्रोग्रामच्या हिशेबानं रेघ साठ घरं सोडून यायला हवी. टर्मिनलनं 'द्र' जोडून एकाच घरात बसवला होता, त्यामुळे त्याच्या हिशेबानं पन्नास. दहा शब्दांत दहा घरांचा फरक!

टर्मिनलचा पडदा म्हणजे वहीतल्या चौकटी. १९७८ च्या वीटी१०० वर त्या ८० गुणिले २४ होत्या, आणि ते ८० सुद्धा आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावरून आलेले. एका चौकटीत एक अक्षर, हे गृहीतच. चिनी-जपानी लिपी आल्यावर त्यांच्या रुंद अक्षरांना दोन चौकटी देण्याची सोय झाली. कुठल्या चिन्हाला किती चौकटी हे सांगणारं एक फंक्शन असतं. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी २००१ मध्ये लिहिलेलं असं एक फंक्शन कित्येक प्रोग्रामांनी जसंच्या तसं उचललं. त्याच्या हिशेबात उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांना शून्य चौकटी. काना आणि वेलांटीला मात्र पूर्ण एक. म्हणजे 'के' एका घराचा आणि 'का' दोन घरांचा. म्हणजेच काकांना चार घरं आणि काकूंना तीन! (काकू, मी म्हटलं होतं ना, तुमचाच विषय आहे.)

हे शून्य आणि एक काही कुणी खोडसाळपणे ठरवलेलं नाही. युनिकोडच्या वर्गवारीत काना-वेलांटी 'जागा घेणाऱ्या' खुणा आहेत आणि उकार-मात्रा 'जागा न घेणाऱ्या', ते तसंच उतरलंय. चूक त्या समजुतीत आहे, की चिन्हांची बेरीज केली की अक्षराची रुंदी मिळते. द अधिक र म्हणजे दोन घरं, पण 'द्र' दोन घरांचा नसतो हो! खुद्द युनिकोडच्या नियमांतही जोडाक्षर अखंड ठेवायचं कलम आलं ते १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये. तोपर्यंत 'समुद्रपूर'मध्ये अक्षरं किती याचं तिथलं उत्तरही सहाच होतं. दुसरीतल्या पोराचं उत्तर मान्य व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं.

तिसरं भूत सगळ्यात लबाड. 'शेतकऱ्यांना' हा शब्द आमच्याकडच्या निरोपांत दर दोन ओळींनी येतो. त्यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, टिंबवाला ऱ वापरून. दोन, साधा र, पाय मोडायची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे. माझ्या प्रोग्रामनं सुरक्षेच्या नावाखाली सगळी अदृश्य चिन्हं गाळायचं ठरवलेलं. परिणाम, दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेल्या 'शेतकऱ्यांना'चा होतो 'शेतकर्यांना'. दिसायला वाईट, पण निदान कळतं तरी. 'आचाऱ्यांना बोलवा' लिहिलं आणि पलीकडे 'आचार्यांना बोलवा' पोचलं तर मांडवात जेवणाऐवजी प्रवचन होईल. समुद्रपुरात समुद्र नाही, पण माझ्या प्रोग्रामच्या कृपेनं 'दऱ्या' लिहिल्या की 'दर्या' येतो! आणि वर्धा नदीपलीकडचं 'वऱ्हाड' तर पडद्यावर ओळखूच येत नाही. जुन्या फायलींत शोधायला गेलं तर आणखी मजा. एका तऱ्हेनं शोधलं की दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं सापडत नाही.

आता उत्तरांकडे येतो.

प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना मी सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं. उत्तर सभ्य होतं. नोंद घेतली, महत्त्व कमी, बहुतेक लोक लॅटिन लिपीत लिहितात. ठीक आहे, फुकट काम करणारी माणसं आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण 'बहुतेक लोक लॅटिन लिपीत लिहितात' हे कारण आहे की परिणाम? दार लावून घ्यायचं आणि म्हणायचं, आत कुणी येतच नाही.

राग आला तो आपल्याच माणसांचा. पुण्यात मोठ्या पगारावर प्रोग्राम लिहिणारा एक जुना मित्र म्हणाला, "अरे रोमनमध्ये लिही ना. सगळे तेच करतात." हे ऐकलं की माझं पित्त खवळतं. एम-ए-एल-ए एवढं लिहिलं तर ते मला, माला, मळा की माळा? कापूस द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या निरोपात मी कोडी घालत बसू? आणि ज्या माणसानं आयुष्यभर देवनागरीत जमाखर्च लिहिला, त्यानं सत्तराव्या वर्षी स्वतःच्या भाषेचं स्पेलिंग शिकायचं, कारण कुणा प्रोग्रामला पाचपर्यंत मोजता येत नाही?

दुसरं उत्तर असं, की ही तांत्रिक मर्यादा आहे, काळा पडदा मुळातच अशा लिप्यांसाठी नाही. हे तर साफ खोटं. या आयआरसीचेच जुने नियम उघडून पाहा. त्यात महिरपी कंस हे चौकोनी कंसाचं 'लहान अक्षर' मानलंय! का? कारण तिकडच्या जुन्या सात-बिटी अक्षरसंचात त्या जागांवर त्यांची स्वतःची, डोक्यावर ठिपके नि वर्तुळं असलेली अक्षरं होती. लिहिणारा फिनलंडचा होता, त्यानं आपल्या अक्षरांची सोय थेट नियमात घातली आणि जगानं ती मुकाट्यानं पाळली. छान केलं त्यानं. आपल्या भाषेचं भान असलेला माणूस हेच करतो. त्याच नियमांत टोपणनाव मात्र देवनागरीत ठेवता येत नाही, कारण तिथे तेव्हा आपलं कुणी नव्हतं.

इमोजीचं घ्या. २०१५ नंतर आई-बाप-पोरांचं एकत्र चित्र काढायला जे अदृश्य जोडचिन्ह वापरतात ना, ते आणि आपल्या 'ऱ्या'मधलं, दोन्ही एकच! चित्रातलं कुटुंब तुटून तीन वेगळी डोकी दिसायला लागली तेव्हा प्रोग्राम लिहिणारे धावत सुटले. 'शेतकऱ्या' त्याच्या कितीतरी आधीपासून तुटत होता.

आणि काळ्या पडद्यावर देवनागरी होतच नाही म्हणणाऱ्यांनी जिस्ट कार्ड आठवावं. आयआयटी कानपूरला १९८० च्या दशकात सुरू झालेलं ते काम पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं. पीसीमध्ये एक कार्ड खोचलं की डॉसमधल्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या प्रोग्रामांत भारतीय लिप्या उमटायच्या. त्या काळच्या पीसीवर हो! आज एमएलटर्मसारखी टर्मिनलं आपल्या लिप्यांची बऱ्यापैकी बूज राखतात. म्हणजे होतं. करायचं असेल तर होतं.

हे सगळं वर्धा जिल्ह्यात बसून लिहितोय, म्हणून एक जुनं प्रकरण सारखं मनात येतं. १९३५ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात गांधीजी अध्यक्ष होते, तिथे नागरी लिपी सुधारायला काका कालेलकरांची समिती नेमली गेली. इ, ई, उ ही वेगळी अक्षरं काढून टाका, 'अ'लाच वेलांटी आणि उकार लावा - अि, अी, अु - असा तो विचार. खिळे कमी लागतील, टंकयंत्राला सोपं जाईल. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनं तशी पुस्तकं छापली, पवनारला विनोबांनी लोकनागरी चालवली. हेतू चांगला होता, शिकणाऱ्याची सोय हाही त्यात होताच. पण मुळात तडजोड अशी की यंत्र बदलणार नाही, तर लिपीनं वाकावं. आज वर्ध्यातली पोरं इ, ई, उ जसेच्या तसे गिरवतात आणि ती टंकयंत्रं भंगारात गेली. त्या थोर माणसांपुढे निदान लोखंडी यंत्र होतं, खिळे ओतायला पैसे पडत होते. माझ्या मित्रापुढे काय आहे? एक फंक्शन. ते बदलायला ओतशाळा लागत नाही, एक रविवार लागतो.

फॉन्ट करणाऱ्यांनी त्यांचं काम केलंय, हे सांगितलंच पाहिजे. लोहित, मुक्ता अशा देखण्या मोफत लिप्या आहेत, जोडाक्षरं सुरेख जुळवणारं हार्फबझ आहे. २००८ साली युनिकोडमध्ये 'ॲ'सुद्धा आला. मराठी दिसण्याचा प्रश्न बराचसा सुटला. मोजण्याचा राहिलाय, आणि मोजणं दिसत नाही म्हणून कुणी बोलत नाही. नावाला ठरावीक घरं असलेला फॉर्म, अमुक अक्षरांत तक्रार लिहा म्हणणारी खिडकी, यादीत कापून दाखवलेलं गावाचं नाव - जिथे जिथे मजकूर मोजून कापला जातो तिथे तिथे हाच हिशेब बसलेला असतो. पुण्या-मुंबईत मराठी बोलणारे प्रोग्रामर ढिगानं आहेत. त्यांच्यातले किती जण स्वतः लिहिलेला प्रोग्राम एकदा तरी स्वतःच्या आईच्या नावानं तपासतात? परीक्षेला कायम जॉन आणि स्मिथ!

असो. सध्या केलंय ते असं. तुकडे पाडताना बाइट मोजायचे, पण कापायचं अक्षराच्या शिवेवर, ही दुरुस्ती झाली. अदृश्य जोडचिन्ह देवनागरी अक्षरांमध्ये आलं तर गाळायचं नाही, हीसुद्धा झाली. रुंदीच्या बाबतीत मी अंदाज करणंच सोडलं. टर्मिनलला 'कर्सर कुठे आहे' असं विचारायची एक जुनी सोय असते, ओळ लिहून झाली की त्यालाच विचारतो आणि त्याचं म्हणणं मान्य करतो. किंचित हळू चालतं, पण रेघ सरळ आली. दुरुस्त्या प्रोग्रामवाल्यांकडे पाठवल्यात, पहिली त्यांनी घेतली, बाकी दोन पडून आहेत.

त्या दोन्हींसोबत तपासणीसाठी शब्दांची एक यादी जोडायची आहे. आपल्या जिल्ह्यातले आठही तालुके घेतले. समुद्रपूर अर्थातच पहिलं. आर्वी आणि आष्टी छान आहेत, दोन-दोन अक्षरांची गावं पण पाच-पाच चिन्हं. हिंगणघाटात वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर. गिरड आणि नंदोरी घेतलंय, वायगावची हळदही घेतली. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' असलेली गावं मात्र कमी पडताहेत, कऱ्हाड आणि कुऱ्हा एवढीच आठवली. तुमच्या बाजूला अशी असतील तर कळवा. येत्या रविवारी यादी पाठवतोय.